सूचक आणि अनुमोदक

हिंजवडीत दर महिन्याला नवी काचेची इमारत उभी राहत होती, त्या वर्षांतली ही गोष्ट. कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी चपलांचा हा ढीग, आणि त्यात एक उंच तरुण, बूट काढू की नको या घोळात उभा! प्रॅक्टिकल घेणाऱ्या नम्रता गायकवाडला वाटलं, प्रॅक्टिकल बुडवणारा आणखी एक.

"जर्नल कुठंय?" तिने दरडावलं.

"घरी… राहिलं," म्हणत तो मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

तास संपल्यावर कळलं, की हे राकेश वानखडे, हिंजवडीतले इंजिनिअर, अभ्यासक्रम ठरवणाऱ्या अभ्यासमंडळावर नव्याने आलेले. नम्रताचे कान लाल झाले. तो मात्र हसत होता, आणि मेला हसायचाही छान.

मंडळापुढे प्रश्न एकच होता. पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रोग्रॅमिंगची कुठली भाषा शिकवायची? वर्षानुवर्षं चालत आलेली सी, की नम्रता म्हणत होती ती सोपी पायथॉन? येरवड्याच्या महापालिका शाळेत शिकलेली नम्रता स्वतः पहिल्या वर्षी सीमध्ये नापास झाली होती. अजूनही दर वर्षी निम्मा वर्ग तिथेच आपटायचा, आपल्याला डोकंच नाही असं समजून गावी परतायचा. ते तिला बघवत नव्हतं.

म्हणून शनिवारी ती नापास मुलांना पायथॉन शिकवायची. राकेश दर शनिवारी शेवटच्या बाकावर हजर! मग कँटीनमध्ये चहा आणि भांडण. सी शिकलं की पाया पक्का होतो, हे त्याचं म्हणणं. पाया खणतानाच माणसं पळाली तर घर बांधणार कोण, हे तिचं. भांडता भांडता चहा गार व्हायचा. तो दुसरा मागवायचा… साखर कमी, तिला लागते तशी. हे यानं कधी लक्षात ठेवलं? शनिवारची वाट ती गुरुवारपासूनच बघायला लागली.

बैठकीच्या आदल्या दिवशी मात्र तिने बजावलं, "माझ्यासाठी म्हणून मत देऊ नका. दिलंत, तर पुन्हा चहाला येणार नाही."

बैठक लॅबमध्येच भरली. तिघं सीच्या बाजूने, तिघं पायथॉनच्या. सगळ्यांच्या नजरा राकेशकडे.

तो उभा राहिला. "मी मत देणार नाही. मला नम्रता मॅडम आवडतात… म्हणजे, लग्न करावं इतक्या. त्या जिंकल्या, तर स्वतःच्या कामावर जिंकल्या पाहिजेत. तसं इतिवृत्तात लिहून घ्या."

अध्यक्ष दिगंबर सर पंचवीस वर्षं सी शिकवत आले होते. त्यांनी चष्मा पुसला. "छान. म्हणजे आता निर्णय माझ्यावर. बोला मॅडम, विषयावर."

नम्रताने सहा वर्षांची चाळीस जर्नलं टेबलावर मांडली. तीन आकड्यांतला मोठा शोधायचा सीमधला प्रोग्रॅम. चाळिसांतही लहान-मोठ्याची तीच एक खूण उलटी, म्हणजे मशीन दाखवणार लहान आकडा. खाली उत्तर मात्र हाताने लिहिलेलं, अगदी बरोबर! समजत नाही म्हणून मुलं जुन्या जर्नलातून उतरवतात, चालवून कुणीच बघत नाही, तिने सांगितलं. प्रत्येक पानावर लाल सही दिगंबर सरांची.

पायथॉनही उतरवतील की, सर म्हणाले. तेव्हा तिने शनिवारच्या वर्गातल्या हेमाला आत बोलावलं. दोनदा नापास झालेल्या त्या मुलीने सर्वांदेखत चार-पाच ओळी लिहिल्या, सरांकडून आकडे मागितले, उत्तर बरोबर काढलं. मग ताठ मानेने म्हणाली, "सर, दहा आकडे दिलेत तरी चालेल."

नम्रताचे डोळे भरून आले.

सरांनी एक जर्नल ओढून लाल सहीवर बोट ठेवलं. "सही माझीच आहे," ते म्हणाले. "लिहा, पायथॉन मंजूर. आणि इतिवृत्त मॅडमच पूर्ण करतील."

सगळे पांगले. राकेश दाराशी एका पायात बूट घालून थांबला होता. नम्रताने लिहिलेला कागद त्याच्यापुढे धरला. त्याने मत न दिल्याची ओळ होती, आणि त्याखाली आणखी एक.

"विवाहाचा ठराव. सूचक: श्री. राकेश वानखडे. अनुमोदक: कु. नम्रता गायकवाड."