निळा दांडा

"गव्हर्नर खराब!"

विमानातून उतरून, तक्रारवहीत एवढंच खरडून वैमानिक कुंदन चहा प्यायला निघून गेला. खाली त्याची झोकदार सही... आणि वरच्याच ओळीत कालची माझी! प्रोपेलरचे फेरे आवरणारा तो गव्हर्नर मीच बसवला होता. पुढच्या महिन्यात माझी लायसन्सची परीक्षा, आणि हा शहाणा माझ्या कामावर फुली मारून चहा पितो?

ओझरजवळच्या आमच्या फ्लाइंग स्कूलमध्ये विमानं दुरुस्त करणारी मी एकटीच मुलगी. "बघा, सांगितलं नव्हतं?" म्हणायला सगळे टपलेलेच. मी वही उचलली आणि तडक कँटीन गाठलं.

"टेकऑफला फेऱ्यांचा काटा लाल रेषेपलीकडे गेला, हर्षाली मॅडम," तो म्हणाला. वर हसत! त्या गालावरच्या खळीचा तर मला भयंकर राग आला.

"उडण्याआधी प्रोपेलरचा निळा दांडा किती वेळा मागे ओढलात?"

"एकदा... थंडी होती ना."

"थंडी होती म्हणूनच तीनदा ओढायचा! आज घरी खोबरेल तेल बाटलीतून पडलं?"

"नाही... आईने गॅसपाशी ठेवलं."

"मग प्रोपेलरमधलं तेल कसं धावेल? गव्हर्नर तेल ढकलतो तेव्हा पाती वळतात, फेरे आवरतात. दांडा मागेपुढे केला की गार तेल बाहेर, गरम आत. तुम्ही एकदाच केलंत. पाती उशिरा वळली... आणि खराब म्हणे माझा गव्हर्नर!"

त्याचं हसू मावळलं.

"चुकलंच माझं. सॉरी."

"तोंडी नको. वहीत लिहा!"

त्याने सगळ्यांसमोर लिहिलं — 'गव्हर्नर ठीक. चूक वैमानिकाची.' मग पेन तसंच धरून हळूच म्हणाला, "आधीच्या तक्रारी मात्र... सीटबेल्ट, दाराची कडी... सगळं ठीकच होतं. तुम्ही याल म्हणून—"

"लाज नाही वाटत?" मी ओरडले. कान तापले होते. रागानेच असणार.

दुसऱ्या सकाळी मी हाताची घडी घालून विमानाजवळ उभी राहिले. इंजिनाचा आवाज खाली गेला, वर आला... एकदा. दोनदा. तीनदा. बरोबर.

आणि मग चौथ्यांदा!

हे कशाला? मी हातानेच विचारलं. काचेआडून त्याने माझ्याकडे बोट केलं... आणि ती खळी!

अस्सा संताप आला ना मला! उतरला की चांगला झापायचा, असं ठरवून मी कँटीनमध्ये दोन चहा सांगून ठेवले.