बेचाळिसावं नाव

"त्या शाळेच्या पटावर म्हणे सात पोरं अशी आहेत, की ती…"

एवढंच कानावर आलं आणि शिंप्याच्या दुकानातल्या दोघी जणी गप्प झाल्या. दारात धाकट्या बाई उभ्या होत्या. एकीने बटणांचा डबा चाळायला घेतला, दुसरीला गॅसवर दूध ठेवल्याची आठवण झाली. शिंपीदादा मशीनवरून मान वर न करता म्हणाले, "या बाई. तुमचं उद्या देतो."

धाकट्या बाई म्हणजे कोपऱ्यावरच्या शाळेतल्या शिक्षिका. पन्नाशी उलटली तरी धाकट्याच. थोरल्या बाई कधीच्या देवाघरी गेल्या, पण नाव चिकटलं ते चिकटलं. बाई तशाच उलट पावली घरी आल्या. त्या वाक्याचा उरलेला भाग त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ती सात पोरं त्यांनीच जन्माला घातली होती, निळ्या शाईने.

त्याचं असं झालं. चार वर्षांपूर्वी शाळेचा पट घसरायला लागला. नवी घरं सगळी मोठ्या रस्त्यापलीकडे झाली, लेकुरवाळी कुटुंबं तिकडे गेली. पट चाळीसच्या खाली गेला की शाळा दुसऱ्या शाळेत विलीन, असा नियम. शिक्षक दोनच, हेडसर आणि बाई. एके दिवशी हेडसरांनी खुर्ची जवळ ओढली आणि पटावर चार नावं जास्त असली तर कुणाचं काय बिघडतं, असं छताकडे बघत विचारलं. बोलले ते, अक्षर बाईंचं. चाराची सात झाली. खोलीत चौतीस, कागदावर एक्केचाळीस. सापडलं असतं तर नोकरी आणि पेन्शन दोन्ही बाईंचीच गेली असती. हेडसरांनी त्या वहीत एक काना काढला नव्हता.

दुसरी कुणी नुसती नावं लिहून मोकळी झाली असती. बाईंचं काम नेटकं, तेच नडलं. त्यांनी सातही जणांना आईबाप दिले, पत्ते दिले, बाक दिले. एकीला चष्मा, म्हणून पुढची जागा. एकाला बारमाही सर्दी, म्हणून त्याच्या खाड्यांच्या चिठ्ठ्या. त्यांचे पेपर बाई रविवारी डाव्या हाताने लिहायच्या आणि उजव्या हाताने तपासायच्या. एकाला तर गणितात नापासही केलं होतं. सकाळी हजेरीत त्यांची नावं आली की बाई स्वतःच, जरा आवाज उतरवून, 'हजर' म्हणायच्या. पोरं आधी हसली, मग सरावली. त्या जागांवर कुणी दप्तरसुद्धा ठेवत नसे.

बाईंना मूलबाळ नाही, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. जाऊबाई येता-जाता टोचायच्या, "तुमचं बरं आहे हो, घरी वाट बघणारं कुणी नाही." बाई हसून सोडून द्यायच्या. मनात म्हणायच्या, शाळेत आहेत की सात.

आणि मग शिक्षण खात्याचं पत्र आलं. शाळांच्या एकत्रीकरणाबाबत शिक्षक आणि शाळा समिती यांच्याशी विचारविनिमय, बुधवारी, दुपारी तीन वाजता.

खात्याचे साहेब वेळेवर आले. थकलेला, अंगावरचा कोट सैल झालेला माणूस. समितीचे अध्यक्ष म्हणजे औषधाच्या दुकानाचे मालक. सभासद म्हणून शिंपीदादा. त्यांची दोन्ही नातवंडं याच शाळेत. शिंपीदादा तळमळून बोलले. पलीकडच्या शाळेत जायचं तर मोठा रस्ता ओलांडायचा, ट्रक थांबत नाहीत, सहा वर्षांचं पोर तिथे काय करणार. अध्यक्षांनी पलीकडे संगणकाची खोली आहे असं दोनदा सांगितलं. हेडसर टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवत बसले. साहेबांनी सगळं लिहून घेतलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "कागदावर एक्केचाळीस दिसतायत. एकदा बघून घेतो."

हेडसरांनी रुमाल काढून कपाळ टिपलं. ते बाईंकडे बघेनात.

मोठ्या खोलीत पश्चिमेच्या खिडक्या उन्हासाठी बंद केलेल्या असायच्या. आत खडूचा वास, दमट पुठ्ठ्याचा वास आणि डोळे सरावेपर्यंत काळोख. एरवी दारात पाय ठेवण्याआधी कलकलाट ऐकू यायचा. आज आवाज नव्हता. सगळी पोरं नाकासमोर बघत बसली होती. कुठेतरी एक पेन्सिल घरंगळत गेली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

साहेब दाराशी उभं राहून बोटाने मोजू लागले. बाईंनी वही उघडली. सवयीने तोंडातून नावं निघत गेली. एक ते चौतीस, चौतीस वेळा हजर. पस्तिसावं नाव घेतलं आणि बाईंनी आवाज उतरवून उत्तर द्यायला तोंड उघडलं…

"हजर."

पुढच्या बाकावरून आलं ते. बाईंचाच शब्द, बाईंनी चार वर्षं काढला तसाच उतरलेला आवाज.

वहीवरून डोळे वर करायचा त्यांना धीर झाला नाही. छत्तीस. हजर. सदतीस… मधे नाक ओढल्याचा आवाज, मग हजर. बाई एकेका नावापुढे खूण करत गेल्या. एक्केचाळीस झाल्यावर त्यांनी वही मिटली.

"एक राहिलं," साहेब म्हणाले.

"संपले, साहेब."

"बेचाळीस बसलेत. मी दोनदा मोजलं." साहेबांनी वही घेतली, पान उलटलं आणि बोट ठेवलं. "हे काय, मागच्या पानावर आहे की."

नाव होतं. अक्षर बाईंचं होतं, तोच उकार, तीच तिरकी वेलांटी. ते लिहिल्याचं बाईंना आठवत नव्हतं. तरी त्यांनी ते मोठ्याने वाचलं. उत्तर आलं नाही. फक्त मागच्या अंधारात कुणीतरी बाकावरून उठून उभं राहिलं, तसं लाकूड वाजलं.

साहेब डोळे बारीक करून बघत राहिले. "ही बोलत नाही का?"

"नवीन आहे," बाई म्हणाल्या. चार वर्षांची सवय, खोटं आपसूक आलं.

साहेबांनी बेचाळीस लिहिलं, खाली सही ठोकली. बाहेर उन्हात आल्यावर बाईंना जरा श्वास आला. म्हणजे वाचली शाळा. कसंही असो, वाचली. त्यांनी धीर करून विचारलं, "चाळीसच्या वर आहे ना, साहेब? मग आता…"

साहेबांना बहुतेक त्यांची दया आली. "बाई, निर्णय मागच्या महिन्यातच झालाय. चर्चा केली असं लिहावं लागतं, म्हणून आलो. तुम्ही छान मांडलंत सगळ्यांनी."

अध्यक्षांनी चहा मागवला. शिंपीदादा न पिता निघून गेले. हेडसर बाईंना भिंतीआड घेऊन कुजबुजले, "एवढी पोरं आणलीत कुठून? मला तरी सांगायचं." बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याकडे पाठ फिरवली.

शेवटच्या दिवशी दाखल्यांचं काम बाईंच्याच गळ्यात पडलं. चौतीस पालक आले, सह्या करून गेले. दुपारी एकट्या बाई आणि ती मोठी खोली. त्यांनी लाल पेन घेतलं. सातांच्या नावापुढे शाळा सोडल्याचं कारण लिहायचं होतं. मयत लिहायला हात धजेना. त्यांनी लिहिलं, 'पालकांसोबत परगावी'. एकेक ओळ पुरी होई, एकेक बाक हलकासा वाजे, आणि दारातल्या उन्हाच्या पट्ट्यात क्षणभर काहीतरी आडवं येई. चष्मेवालीच्या वेळी बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सर्दीवाला दाराशी अंमळ रेंगाळला.

मग बेचाळिसावी.

तिच्या नावापुढे वडिलांचा रकाना कोरा होता. पालक म्हणून बाईंचं नाव होतं. पत्ता बाईंच्या घराचा. पालकाची सही होती, आजच्या तारखेची, शाई अजून ओली.

'आता कोणत्या शाळेत', या रकान्यात लहान मुलाच्या हाताने एकच शब्द लिहिला होता. 'बरोबर'.

शाळेला कुलूप लागलं. बाईंना पलीकडच्या शाळेत घेतलं, वर्ग दिला नाही. ग्रंथालयातल्या पुस्तकांना नंबर घालायचं काम दिलं. गल्लीत अजूनही बोलतात की कुलूपबंद शाळेत सात पोरं भटकतात. ते तितकंसं खरं नाही. भरदुपारी खिडकीच्या फटीतून बघितलं तर आत धूळ आहे, उलटे रचलेले बाक आहेत आणि दुसरं काही नाही. ते सातजण खरोखरच गेले असावेत.

बाई मात्र रोज सकाळी मोठा रस्ता ओलांडतात तेव्हा ट्रक येतात त्या बाजूला राहून चालतात, एक हात जरा मागे, जरा खाली धरून. शिंपीदादांची नातवंडं त्यांच्यासोबत जायला कबूल होत नाहीत. का, ते सांगत नाहीत.

परवा जाऊबाईंनी त्यांचं मनगट पाहिलं. चार बारीक बोटांचे वळ, निळे पडलेले.

"हे काय हो?"

"रस्ता ओलांडताना घाबरते ती," बाई म्हणाल्या, आणि बाही खाली ओढली.

जाऊबाई मनगट धरायला पुढे झाल्या. बाई दुसऱ्या हाताने बाही ओढत होत्या, आणि त्या मनगटावरही वळ होते. ते लहान मुलाचे नव्हते, रुंद पुरुषी बोटांचे होते.