कौसल्याबाईंना जमेल असं लिनक्स

१९९९ सालची गोष्ट. बारामतीतल्या एका दुकानात ज्योत्स्नाने लिनक्सची सीडी मागितली आणि मागून आवाज आला, “कुठलं लिनक्स?”

तिने वळून पाहिलं. सावळा, उंच, खिशात स्क्रू-ड्रायव्हर.

“लई प्रकार असत्यात का?”

“लई. स्लॅकवेअर घ्या. खरं शिकायचं तर तेच.” तो हसला. “मी संघपाल. हितंच कॉम्प्युटर दुरुस्त करतो.”

ज्योत्स्ना पळसदेवची. इंदापुरात तिने बायकांसाठी कॉम्प्युटर क्लास काढला होता. मशिनं दोनच. कॉम्प्युटर चालवणारी, कुणालाही मोकळेपणी वाटता येईल अशी सिस्टीम तिला हवी होती; लिनक्स तशी होती. त्याच्या हसण्यामुळे म्हणा… तिने स्लॅकवेअर घेतलं.

आठवड्यातच बायका गळायला लागल्या. काळ्या पडद्यावर नुसती रेघ लुकलुकायची. शिवणकाम करणाऱ्या कौसल्याबाई म्हणाल्या, “ताई, ह्यो काय मागतुय तेच कळंना. उद्यापास्नं मी न्हाय येत.”

ज्योत्स्नाने एसटीडी बूथवरून दुकानात फोन लावला. “तुमच्या सीडीनं माझा क्लास बंद पडंल!”

रविवारी संघपाल एसटीने आला. पिशवीत लिनक्सचेच आणखी दोन प्रकार, रेड हॅट आणि मँड्रेक. एका मशीनवर एक, दुसऱ्यावर दुसरं चढवलं. कौसल्याबाईंना समजावून सांगायला तो पुढे झाला, तर ज्योत्स्नाने त्याची बाही धरली.

“तुमी बोलू नका. त्यांचं त्यांना बघू द्या.”

बाही सोडायची मात्र ती विसरली… त्यानेही हात हलवला नाही.

कौसल्याबाई पहिल्या, रेड हॅटच्या मशीनवर घुटमळल्या. मग मँड्रेकपाशी बसल्या. माउस सरकवत एका चित्रावर दाबलं – लिहायचं पान उघडलं. एकेक अक्षर हुडकत त्यांनी आपलं नाव उमटवलं.

“ह्ये बरंय,” त्या म्हणाल्या. “उद्या येते.”

“मला आवडतं ते तुमच्या गळ्यात मारलं,” संघपाल हळूच म्हणाला. “चुकलं माझं.”

“व्हय, चुकलंच. पुढच्या रविवारी त्या पहिल्या मशीनवर पण मँड्रेक घालून द्या.”

घालून झालं, तरी तो रविवारी येतच राहिला.

दिवाळीनंतर एकदा स्टँडवर तो म्हणाला, “हैदराबादची नोकरी आलीय.”

ती म्हणाली, “जा की.”

“तुमी येता?”

“क्लास सोडून? न्हाय.”

बारामतीची गाडी लागली, सुटलीसुद्धा. तो चढलाच नाही.

“मग मीच राहतो,” तो म्हणाला. “तुमच्या वडलांना विचारायला पळसदेवला कधी येऊ?”

“आबांचं नंतर.” तिचे कान लाल झाले होते. “आधी मला तर विचारा.”

कंडक्टरच्या आरोळ्यांत, चारचौघांत, त्याने विचारलं.

“व्हय,” ज्योत्स्ना म्हणाली.