खिडकीतली पिन

सोमवार म्हणजे शहर हलायचा दिवस. सकाळी सातचा भोंगा झाला, की भोसरीचे चाळीस हजार गाळे चुंबकी जमिनीवरून अलगद सरकायचे. साचेवाला इकडे, स्प्रिंगवाला तिकडे, आणि कपातला चहा सांडेल तर शपथ! बघणाऱ्याची बोबडी वळायची.

ही करामत ‘वाटाड्या’ची. हे नगररचनेचं यंत्र जमिनीखालून प्रत्येक मशीनची थरथर ऐकायचं. कुणाचं काम पुढे कुणाकडे जातं ते ओळखून त्या दोघांना शेजारी आणायचं. कामाची देवाणघेवाण थांबली, की शेजार मोडला.

इंदूताई पांचाळांना तेच नको होतं. त्यांच्या ग्राइंडरला लागून सोपान गुरवांची भट्टी, तीस वर्षं. एक शाफ्ट तडकला, चूक कुणाची यावरून भांडण झालं आणि अकरा वर्षं बोलचाल बंद. पुढे एकमेकांकडचं कामही आटलं. पण शेजार सोडायचा? छे! रोज दहाला ताई मधल्या खिडकीत केसभर घासलेली एक पिन ठेवायच्या. सोपानराव ती तापवून, पाणी देऊन, सुताच्या बोळ्यात बांधून परत करायचे. वर त्यांची ती तिरकी गाठ. वाटाड्याला फसवायला बिनकामाचं काम!

एका सोमवारी वाटाड्याचे शास्त्रज्ञ डॉ. तन्वीर मणेर गाळ्यात आले.

“ताई, त्या पिनचं आम्हाला ठाऊक आहे.”

ताईंनी ग्राइंडर बंद केला. “मला इथून हलवणार?”

“नाही हो. वाटाड्यानं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. शेजार तुटला की कारागिराचा हात बिघडतो, हे तो आमच्याआधी शिकला. म्हणून त्यानं चालू दिलं.”

“अगं बाई! यंत्राला एवढं कळतं? मग त्या हट्टी म्हाताऱ्यालाही सांगा की.”

डॉक्टर घुटमळले. “सोपानराव तुम्हाला न कळता गावी गेले, तिथंच वारले. तीन महिने झाले.”

“काहीतरीच! ही बघा, आत्ताच परत आलीय.” बोळा अजून कोमट होता. गाठ तिरकीच.

“भट्टीवरचा यांत्रिक हात आहे तो, वाटाड्याच चालवतो. गाठ त्यानं बघून बघून उचलली.”

ताईंच्या डोळ्यांना धार लागली.

“अशा खिडक्या किती आहेत?”

“अकरा हजार.”

“आणि पलीकडे माणूस कितींच्या?”

“मोजायचं धाडस होत नाही, ताई. बंद करू ही?”

ताईंनी पदरानं डोळे पुसले, पिन केसभर घासली, खिडकीत ठेवली. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा पलीकडे तोंड करून बोलल्या, “सोपानराव, तो शाफ्ट माझ्याच हातून बिघडला होता.”

पिन उचलायला आलेला हात तिथंच थांबला. हे त्याला कुणीच शिकवलं नव्हतं.