सहाव्याचा बिल्ला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्ये खीखी नको. आणि तो फोन पालथा ठेव आधी. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो फ्रीज दुरुस्त करणारा मेकॅनिक पंचवीस वर्षं माझा शेजारी आहे. खोटं बोलणं त्याला जमत नाही, आणि राग म्हणाल तर कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्या मंगळवारी तो घरातून निघाला. खांद्यावर मेटल डिटेक्टर, हातात फावडं, खिशात जादा बॅटऱ्या. ओहोटी रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी होती. त्याला हवी ती वाळू तेवढा तासभरच उघडी पडायची, म्हणून रात्रीचं जायचं. लागोपाठ नववी रात्र ही.

शोधत होता पितळी बिल्ला. त्याचा थोरला भाऊ मासेमारीच्या बोटीवर खलाशी. बोटीत चढलं की प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला केबिनमधल्या आकड्याला अडकवायचा, उतरताना काढून न्यायचा, अशी रीत. बोट याच किनाऱ्यावर फुटली. पाचजण पोहून आले, थोरला आला नाही. आणि मालक काय म्हणतो? "तो बोटीत नव्हताच!" का, माहितीये? परवाना पाचांचा होता, हा सहावा. मेल्याने पाचांना दम दिला, हजेरीवहीतलं त्याचं नाव काढलं आणि गावभर उठवलं, की बायकोला टाकून पळाला.

एक दिवस वहिनी नळावरून रिकामी बादली घेऊन परत आली. म्हणाली, "भाऊजी, मेला म्हणा, मी रडेन. पण पळाला म्हणू देऊ नका हो कुणाला."

मेकॅनिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बिल्ला बोटीच्या आकड्याला अडकलेलाच सापडला, तरच मालकाचं तोंड बंद होणार होतं.

पण वाळू काळी, लोखंडाच्या कणांनी भरलेली, त्यात खारं पाणी. यंत्र हेडफोनात नुसतं कोकलायचं. हा चिडून सेन्सिटिव्हिटी वाढवायचा, ते आणखी बोंबलायचं. थोरला अंगठाबहाद्दर, सहीसुद्धा येत नव्हती, पण अक्कल याच्या दुप्पट. तो नेहमी म्हणायचा, "आवाज वाढवला की ऐकू कमी येतं, गाढवा."

बोटीचा एकच वासा वाळूत रुतून उरला होता. मेकॅनिक त्याला कंदील अडकवायचा आणि तिथंच उभं राहून चकती वर-खाली करत यंत्राला जमिनीची सवय लावायचा. म्हणजे यंत्राला सांगायचं, बाबा रे, ही खालची कुरकुर वाळूची, ही सोड, बाकीचं सांग. मग सगळा किनारा पालथा घालायचा. रोज हेच.

त्या रात्री दोन पंचवीसला त्याचा ताबा सुटला. वाशापाशी येऊन त्याने वाळूला लाथ घातली आणि ओरडला, "सांगितलं होतं ना, त्या सडक्या बोटीत पाय ठेवू नकोस! मेलास तर मेलास, वर आमच्या तोंडाला काळं फासलंस!"

हेडफोन गप्प झाला.

लाटसुद्धा ऐकू येईना.

मग कानात... तोंडात पाणी धरून बोलावं तसं...

"कमी कर."

बटण फिरलं. आपोआप. दहावरून चारवर.

"...दादा?"

...

"रोज माझ्यावर उभा राहतोस... आणि यंत्राला सांगतोस, हे सोड."

आणि डोक्यात एक टपली बसली. ओली.

त्याने मागे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. पण चूक कळली. लोखंड-पितळेच्या डोक्यावरच यंत्र जुळवलं, तर ते त्यालाच माती समजणार! नऊ रात्री गाढवपणा! तो वीस पावलं लांब गेला, नुसत्या वाळूवर यंत्र जुळवलं, बटण चारवरच ठेवलं आणि वाशापाशी परत आला. एकच आवाज. स्पष्ट. कोपरभर खणल्यावर केबिनची फळी लागली, बोटीचा नंबर ठोकलेली. फळीला आकडा. आकड्याला एकुलता एक बिल्ला. सहा.

सकाळी हवालदाराला घेऊन तो मालकाच्या ऑफिसात गेला. मालक म्हणाला, "कुठूनही आणला असेल."

एरवी याने टेबल उलथून टाकलं असतं. त्या दिवशी आवाज चढवला नाही. हळू म्हणाला, "फळी तुझी, नंबर तुझा. लिही त्याचं नाव."

बिल्ल्याची बातमी ऐकून ते पाचजण दारात येऊन उभे होते. त्यातला एक म्हाताऱ्या आईची शपथ घेऊन रडायला लागला. "होता तो. मला वर ढकललं आणि स्वतः खाली गेला." मग बाकीचेही बोलले. मालकाने घाम पुसत हजेरीवहीत त्या तारखेखाली सहावं नाव लिहिलं. हवालदाराने वही चौकीत नेऊन कपाटात ठेवली, कुलूप लावून.

दुसऱ्या दिवशी वहिनीसमोर उघडली. पाच नावं, पाच सह्या. सहाव्या नावापुढे अंगठा उठलेला. काळ्या वाळूचा.

हवालदाराने वही उलटी धरून झटकली. एक कण पडला नाही. वहिनीने त्या ठशावर हात ठेवला आणि त्या दिवशी ती पोटभर रडली.

याला आता तीन वर्षं झाली. गेल्या महिन्यात हवालदाराने मला ती वही दाखवली. मी हळूच बोट लावून पाहिलं.

ठसा अजून ओला आहे.