रद्दीचा बाबा

दुकानातलं हॅलोविनचं सामान बघून संजीवनीचे डोळेच पांढरे झाले. प्लास्टिकच्या एका सापळ्याला एवढे डॉलर? तिनं लेकीचा, ऋताचा हात धरला आणि तडक घराकडे निघाली. "घरीच करू गं. तुझी ही आई शाळेत असताना अख्खा आकाशकंदील घरी करायची, भुताचं काय घेऊन बसलीस!"

परदेशातल्या त्या वुडलँड्स वस्तीत दहाव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट. नवरा, पद्माकर, जहाजावर सेकंड इंजिनीअर, त्यामुळे घरात बहुतेक वेळ या मायलेकीच. दिवाळीला तो येणार होता, पण त्याच्या जागी जाणारा माणूस आयत्या वेळी आलाच नाही, आणि आता तर जहाजावर फोनही लागेना. ऑफिसवाले म्हणत, नेटवर्कचा घोळ आहे, काळजी करू नका. काळजी करू नका म्हणायला यांचं काय जातं! फोन उशाशी घेऊन झोपायचं आणि सकाळी पोरीसमोर हसायचं, हे तिचं तिलाच माहीत.

तर दोघींनी दुपारी बैठक मारली. दुधाच्या खोक्यांची वटवाघळं झाली, बँडेजच्या कापडाची जाळी झाली आणि शेवटी मुख्य पाहुणा आला, पद्माकरचा इंजिन रूममध्ये अंगभर घालायचा जुना नारिंगी बॉयलरसूट. त्यात रद्दीचे बोळे कोंबून कोंबून अंग भरलं. उशीच्या अभ्र्याचं डोकं, मार्करचे डोळे, हातांना त्याचेच कामाचे मोजे, पायांत त्याचेच बूट. दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये खुर्चीत बसवल्यावर ऋता टाळ्या पिटत इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "आई, सेम टू सेम बाबा लाह!"

संजीवनीला ते काही फारसं रुचलं नाही. पण फुकटात झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन येत होती, तर शेजारच्या मॅडम गोह लिफ्टपाशी भेटल्या. "युअर हजबंड कम बॅक ऑलरेडी आह?"

"नो आंटी, दॅट्स ओन्ली न्यूजपेपर," संजीवनी हसली.

आंटी हसल्या नाहीत. "सिटिंग वन, आय नो. बट मॉर्निंग ही स्टँडिंग, लुकिंग डाऊन. आय से हॅलो... ही नेव्हर आन्सर."

खुर्चीतला बाहुला सकाळी उभा कसा असेल, म्हातारीला दिसत नसेल नीट, असं मनाशी म्हणत ती दाराशी आली. बाहुला खुर्चीतच होता. फक्त काल त्याचे बूट कॉरिडॉरकडे होते, आज दाराकडे. आणि वास... सूट स्वच्छ धुतलेला, तरी इंजिन रूमचा तो तेलकट वास. या वासापायीच पद्माकर घरी आला की आधी अंघोळीला पळायचा, चहा-पाणी सगळं नंतर. तिनं वाकून पाहिलं. मार्करच्या डोळ्यांवर तुपाचे डाग होते आणि छातीशी गवताची जुडी खोचलेली होती.

"ऋता... हे तू केलंस?"

"गणपतीला गुरुजी करतात ना, तसं. मंत्र यूट्यूबवर लावला." मग अगदी हळू, "आता बाबा येईल ना?"

संजीवनीनं रागवायचं तरी कसं? ती स्वतः रोज देवापाशी जे मागत होती, तेच पोरीनं मागितलं होतं. पण प्राणप्रतिष्ठा झालेल्याला असं दारात बसवून ठेवत नाहीत, एवढं तिला कळत होतं. विसर्जनाआधी गणपतीला निरोप देतात तशी तिनं दिवेलागणीला उत्तरपूजा मांडली. अक्षता वाहिल्या, उजव्या हातमोज्यावर दही ठेवलं, खुर्ची जागची जरा सरकवली आणि दरवर्षीच्या सवयीनं तोंडातून निघून गेलं, "पुनरागमनाय च."

म्हणजे, पुन्हा येण्यासाठी जा.

तिनं जीभ चावली. "अगंबाई... हे काय बोलून बसले मी..." पण बोललेलं थोडंच परत गिळता येतं! घाईघाईनं तिनं सूट रिकामा केला, कपाटात कोंबला आणि रद्दीची पिशवी भरून दाराबाहेर ठेवली, रद्दीवाला नेईल म्हणून.

सकाळी रद्दी गेलेली होती. पिशवी मात्र व्यवस्थित घडी करून पायपुसण्यावर ठेवलेली. रद्दीवाले कधीपासून एवढे टापटीप झाले, असं पुटपुटत तिनं ती आत घेतली.

दुपारी बेल वाजली. दारात पद्माकर!

ऋता किंचाळत त्याच्या गळ्यात पडली. सामान कुठाय, फोन का नाही केलास, यातलं काहीही संजीवनीला विचारता आलं नाही. तिला रडूच फुटलं. तिनं त्याच्या छातीवर डोकं टेकलं, आणि आत कागद चुरगळल्याचा आवाज आला.

तिनं डोकं उचललं नाही.

"अंघोळ करून घे ना," शेवटी ती म्हणाली. "गीझर लावते."

"नको..." आवाज अगदी त्याचाच होता. "पाणी नको मला."

ऋतानं त्याचा उजवा तळवा हुंगला. "बाबा, दही खाल्लंस?"

तो नुसता हसला. एवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. पडद्यावर पद्माकरच्या ऑफिसचं नाव होतं. संजीवनी फोनपाशी गेली, हातही पुढे केला. तेवढ्यात बाहेर धो धो पाऊस कोसळायला लागला आणि वाऱ्यानं शिंतोडे घरात आले.

तिनं फोन तसाच वाजू दिला, आणि धावत जाऊन घरातल्या सगळ्या खिडक्या लावून घेतल्या.