हिलाल आबांच्या ओट्यावरचा उजेड

जन्मदात्याची सेवा हे अपत्याचे कर्तव्य होय, आणि स्वतःचा संसार उभा करणे हेही कर्तव्यच होय. ज्याच्यासमोर यांपैकी एकच असते, त्याचा मार्ग सोपा. दोन्ही एकाच दाराशी येऊन उभी राहतात, तेव्हा माणूस कोणत्याही दिशेने पाऊल टाको, काही मागे राहिल्याची जाणीव त्याला सोडत नाही. अमळनेरच्या हेमांगीची स्थिती अशी होती. तिने त्याविषयी कधी कुणाजवळ तक्रार केली नाही.

तिचे वडील हिलाल आबा हे तेलाच्या कारखान्यातून निवृत्त झालेले फिटर. पत्नीच्या पश्चात त्यांनी स्वयंपाक आपल्या हाती घेतला, आणि पुढे त्यांना त्यात मनापासून रस वाटू लागला. परंतु काचबिंदूने त्यांची दृष्टी मंदावत चालली होती. कांदा चिरताना एकदा सुरी बोटावर फिरली. त्या दिवसापासून हेमांगीसाठी आलेले प्रत्येक स्थळ ‘नंतर पाहू’ एवढे ऐकून परत जाऊ लागले.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी आबांच्या डोळ्यांची औषधे घेऊन ती धुळ्याहून अमळनेरच्या एसटीत बसली होती. गाडी सुटता सुटता एक तरुण ॲल्युमिनियमच्या लांबलचक पट्ट्यांचा जुडगा घेऊन चढला. जुडगा कुठेच मावेना. शेवटी त्याने तो आसनांखालून पुढे सरकवला, आणि त्याचे टोक हेमांगीच्या पावलांपाशी येऊन थांबले.

“मॅडम, जरा पाय—”

“पाय कुठे ठेवू? डोक्यावर?”

“नको... पट्ट्यांवरच ठेवा. वाकणार नाहीत त्या.”

कंडक्टरने जुडग्याकडे पाहिले. “भाऊ, यांचं फुल तिकीट फाडू का हाफ?”

“झोपून चालल्यात त्या. हाफच द्या.”

हेमांगीने तोंड खिडकीकडे वळवले. पण काचेत तिचे हसू त्याला दिसले, आणि त्याला दिसले हे तिलाही दिसले.

त्याचे नाव लीलाधर. धुळ्यात त्याचे विजेच्या सामानाचे दुकान होते. पट्ट्या कशासाठी, असे तिने विचारल्यावर तो उत्साहाने सांगू लागला. स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटांखाली एलईडीची माळ लावतात, ती या पट्टीत बसते. ओट्यावर माणसाची सावली पडत नाही. कुणी जवळ आले की उजेड आपोआप लागतो. फोनवरून तो कमी-जास्त करता येतो, रंगही बदलता येतो.

“रंग बदलून काय करायचं? वांगं वांग्यासारखं दिसलं म्हणजे झालं.”

“ते तर दिसेलच.”

“ज्याला कमी दिसतं... त्यालाही?”

हा प्रश्न थट्टेचा नव्हता. लीलाधरने ते ओळखले. “दिसेल,” तो म्हणाला. “मी स्वतः येऊन लावून देतो.”

पुढच्या रविवारी तो आला. कपाटांच्या तळाला वर्षानुवर्षांच्या फोडण्यांचा चिकट थर बसला होता. तो पुसल्याशिवाय काही चिकटणार नाही म्हणून त्याने बाह्या सरसावल्या. हेमांगी ओली फडकी पिळून देत होती.

“दुकानदाराला हे काम येतं वाटतं?”

“घरी आई करवून घेते.”

“मग तुमची आई बरी आहे की. भेटायला हवं.”

फडके घ्यायला पुढे आलेला त्याचा हात क्षणभर तसाच राहिला. तीही आपल्याच बोलण्याने गोंधळली, आणि बादलीतले पाणी बदलायला निघून गेली... पाणी खरे तर अजून स्वच्छ होते.

पट्टीवर बसवायचे दुधी झाकण त्याने पिशवीतून काढले, विचार केला, आणि परत ठेवून दिले. झाकणाने उजेड थोडा मंद होतो. आबांना तो पूर्ण मिळावा, असे त्याला वाटले. हेतू निर्मळ होता. निर्मळ हेतूने केलेल्या कामाची मात्र माणूस पुन्हा तपासणी करीत नाही.

आबा ओट्याजवळ गेले तसा उजेड लागला. त्यांनी कोथिंबिरीची जुडी घेतली, बारीक चिरली, बोटांनी चाचपली. मग सुरीच्या पात्यावरचे पाण्याचे थेंब पाहत ते बराच वेळ उभे राहिले.

“बठ्ठं दिखस, सगळं दिसतं,” ते म्हणाले. “पोरा, बठ्ठं दिखस माले.”

दारापर्यंत सोडायला आलेली हेमांगी उंबऱ्याशी थांबली. “हा दिवा टिकला, तर आबा एकटे राहू शकतील. मग आलेल्या पाहुण्यांना ‘नंतर’ म्हणावं लागणार नाही मला.”

“टिकेल.”

“खात्री देता?”

“दिव्याची देतो. पाहुण्यांची... कोण येतंय त्यावर आहे.”

यानंतर त्याला अमळनेरात वारंवार काम निघू लागले. दिव्यात बिघाड झाल्यास कळावे म्हणून हेमांगीच्या संमतीने त्याने तो आपल्या फोनलाही जोडून ठेवला होता. तिथे एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. रोज दिवेलागणीच्या सुमारास हा दिवा थोडा वेळ फोनवरून नाहीसा होई आणि मग परत येई. त्याने हेमांगीला फोन केला.

“तुमचं वायफाय संध्याकाळी गळपटतं.”

“म्हणजे वायफायही थकतं का?”

“तुम्ही राउटर थोडा हलवून पाहा.”

तिने तो कपाटावर ठेवला, मग खिडकीत, मग देव्हाऱ्याशेजारी. प्रत्येक जागेचा वृत्तान्त त्याला कळवावा लागे, आणि वृत्तान्त राउटरपाशी सुरू झाला तरी तिथे संपत नसे. सायंकाळचा दिवा मात्र पूर्वीसारखाच नाहीसा होत राहिला.

हेमांगी एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. ती परते तोवर आबांचे जेवण आटोपलेले असे. एके दिवशी ती लवकर परतली. स्वयंपाकघरात काळोख होता. त्या काळोखात आबा नेहमीच्या जागी, ओट्यासमोर जमिनीवर पाट घेऊन बसले होते आणि ताटातले भरीत हाताने शोधत होते.

“आबा, दिवा?”

“गेला असेल...”

दिव्याचे भिंतीवरचे बटण बंद होते. तिने ते दाबले. ओटा उजळला, आणि त्याच क्षणी आबांचा डावा हात डोळ्यांसमोर आडवा गेला. तो हात इतक्या सवयीने गेला की पुढे विचारण्यासारखे फारसे उरले नाही.

“कधीपासून?”

“लावला तेव्हापासून. खाली बसलं की डोळ्यांत टोचस तो.”

“मग सांगितलं का नाही?”

आबांनी भाकरीचा तुकडा मोडला. “सांगितलं असतं तर तू दिव्याला नावं ठेवली असती, आणि परत माझ्यापाशी बसून राहिली असती. चिरताना बठ्ठं दिखस माले. जेवायला काय... तोंड कुठे शे ते माहीत शे मला.”

हेमांगी त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. थोड्या वेळाने तिने लीलाधरला फोन लावला. “वायफाय नव्हतं ते,” एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो आला, तेव्हा भाकरी आटोपून आबा ओट्यापाशीच उभे होते. दिवा लावून त्याने पट्टी न्याहाळली, तारा तपासल्या. “मला तर काही दोष—”

“खाली बसा.”

तिने पाट मांडला. तो बसला, त्याने वर पाहिले, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. उभ्या माणसाला कपाटाआड दडलेले शेकडो उघडे प्रकाशबिंदू बसलेल्याच्या डोळ्यांत थेट उतरत होते.

“आमच्याकडेही खालीच बसून जेवतात,” तो हळूच म्हणाला.

“मग?”

“मग... सुचायला हवं होतं. मी उभ्याने लावला आणि उभ्यानेच पाहिला. आणि रोज संध्याकाळी बंद होत होता, तेव्हाही मी वायफायवर ढकललं. दिवा बरोबर आहे, एवढंच मला ऐकायचं होतं.”

“का?”

“दिवा चालला की तुम्ही मोकळ्या होणार होतात.” तो ताटाच्या रिकाम्या जागेकडे पाहत होता. “आणि तेव्हा येणाऱ्या पाहुण्यांत... पहिला मी असावा, असं वाटत होतं. त्या घाईत आबांना अंधारात जेवायला लावलं मी. आता तुम्ही नाही म्हणालात तरी दिवा नीट करूनच जाईन.”

हेमांगी त्याच्याजवळ खाली बसली. बोटांनी ती पाटाची कड पुसत राहिली, तिथे धूळ नव्हती.

“मी या घरात राहते,” ती शेवटी म्हणाली. “बटणाकडे एकदा तरी पाहायला हवं होतं मी. राउटर घेऊन घरभर फिरले, कारण मलाही ते वायफायच असायला हवं होतं... तुमच्याइतकंच.”

त्याने मान वर केली. या वेळी त्याच्या डोळ्यांत पाणी होते ते दिव्यामुळे, असे निश्चित सांगता येत नाही.

“माले बहिरा समजता का तुम्ही?” ओट्यापाशी उभे असलेले आबा बोलले. “डोळे मंद शेत, कान नाही.”

दोघेही गडबडीने उठली.

“एक सांगून ठेवतो, लीलाधर. मन्हा ओटा मी कोणाला देणार नाही. जावई असो का आणखी कोणी, भाजी मीच करणार.”

“आबा, मी धुळ्याला जाणार नाही,” हेमांगी म्हणाली. “याच गावात घर पाहू. ते चालणार असेल तर...” पुढचे वाक्य तिने लीलाधरकडे पाहून अर्धेच ठेवले.

“दुकान धुळ्यात राहील, मी इथून जाऊन-येऊन करीन. गाड्या भरपूर आहेत.”

“आणि तुमच्या आई?”

“तिला विचारायचं आहे. पण फडकी पिळणारी मुलगी म्हटल्यावर ती नाही म्हणायची नाही.”

आबा हसले. “मग आधी मन्हा दिवा नीट कर. भाकरी गार होऊन ऱ्हायनी.”

लीलाधरने पट्टी काढून तिरकी बसवली, म्हणजे उजेड भिंतीवरून उतरून ओट्यावर पसरेल. तिच्यावर दुधी झाकण सरकवले आणि पुढच्या कडेला लाकडाची अरुंद पट्टी ठोकली. प्रत्येक फेरफारानंतर तो खाली बसून पाही, आणि त्याच्या शेजारी बसून हेमांगीही पाही. त्या पाहण्यात दिव्याकडे किती लक्ष होते, हे आबांनी विचारले नाही. शेवटी त्यांनी स्वतः बसून वर पाहिले, आणि हात डोळ्यांकडे गेला नाही. मग त्यांनी तीन ताटे मांडली.

त्या उजेडात आबांना आपल्या ताटातले अन्न सुखाने दिसो. दोन गावांच्या वाटेवर ये-जा करणाऱ्याचा प्रवास निर्विघ्न होवो. आणि जिने दोन कर्तव्यांपैकी एकही मागे टाकले नाही, तिच्या मनाला दीर्घकाळ शांती लाभो.